चेहरा सोडून

त्या दुपारी तिच्या खिडकीसमोर एवढी रांग लागली की शेजारच्या वेल्डरला आपली गॅसची टाकी ओढून आत घ्यावी लागली. ती खिडकीतून सँडविच विकायची. खाणारे सगळे गॅरेजवाले आणि हमाल. आजची रांग मात्र अनोळखी होती. इस्त्रीचे कपडे, पाठीला पिशव्या, ज्याच्या त्याच्या हातात फोन. चौकातली झगमगीत दुकानं सोडून ही मंडळी या तेलकट बोळात कशाला मरायला आली, तिला कळेना.

"ताई, फेमस झालात तुम्ही!" वेल्डर ओरडला. "उद्यापासून आम्हाला ओळख दाखवाल ना?"

"गप रे. काम कर," ती म्हणाली आणि कांदा चिरत राहिली.

तेवढ्यात रांगेला बगल देऊन टोपीवाला पुढे घुसला. हा गेल्या आठवड्यातही आला होता. पाहुण्यांना दाखवायची दुकानं नकोत, गावातली माणसं खातात ते सँडविच हवं, म्हणून बोळ न् बोळ पालथा घालत फिरणारा प्राणी. पहिल्या घासाला त्याने डोळे मिटले होते, आणि मग फोटोसाठी इतकी गयावया केली की शेवटी ती म्हणाली होती, सँडविचचा काढा हवा तर, माझा चेहरा कुठे दिसता कामा नये. का, ते त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं मेल्याने.

"शब्द पाळला बरं का ताई!" त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला. "चेहरा सोडून सगळं टाकलंय. बोळाचा पत्तासुद्धा. लोक वेडे झालेत नुसते!"

फोटो झकास होता, खोटं कशाला बोला. खरपूस पाव, आतून डोकावणारं उकडलेलं अंडं, काळी मिरी. आणि पावाच्या कडेला तिच्या अंगठ्याचा खड्डा. उभ्या उभ्या एका हाताने खाणाऱ्याच्या अंगावर काही सांडू नये, म्हणून भाजण्याआधी ती कड अंगठ्याने दाबून बंद करायची. कुणाच्याही अंगठ्याचा खड्डा सरळ पडतो. तिचा वाकड्या खिळ्यासारखा पडायचा, कारण हाड मोडून तसंच सांधलं होतं.

तिने सुरी खाली ठेवली.

"काढून टाका," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"अहो, पण तुम्ही आहात कुठे त्यात?"

"एक द्या," रांगेतून आवाज आला. "कड नीट दाबून."

मान वर करायची गरजच नव्हती. नवरा. ज्याच्यापासून ती दोन शहरं ओलांडून पळाली होती तो, गुळगुळीत दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, हसत उभा. बघणाऱ्याला वाटावं, काय सज्जन माणूस आहे!

"चेहरा कशाला लागतो?" तो टोपीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "हा अंगठा माझ्याच हातचा आहे. दाराच्या फटीत धरून केला होता. आपलं काम आपण ओळखणार नाही?"

टोपीवाला हसला. हसला हो! मग आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन थांबला.

"आवर आता," नवरा तिला म्हणाला. "घरी चल."

"नाही येत."

"काय म्हणालीस?"

"नाही येत म्हटलं. ऐकू येत नाही?"

त्याचा हात खिडकीतून आत आला, केसांना धरून त्याने तिचं तोंड फळीवर आपटलं. मिरीची बरणी खाली जाऊन फुटली. पुन्हा आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली आणि मांडून ठेवलेल्या पावांवर पडली. रांग मागे सरकली. एक माईचा लाल पुढे झाला नाही. फोन मात्र सगळ्यांचे वर झाले. मागून वेल्डर शिव्या देत गर्दी फोडत होता, पण त्याला वाटच मिळेना.

नवरा कंबरेपर्यंत खिडकीत वाकला. दुसऱ्या हाताने त्याने तिचा तोच अंगठा मुठीत पकडला आणि मागे पिरगाळला.

"उरलेला मोडतो," तो तिच्या कानाशी म्हणाला.

ग्रिलर बाजूलाच उघडा होता, तापून लाल व्हायचा बाकी. अंगठा त्याच्या मुठीत, तर तिने ती मूठच अख्खी तव्यावर नेली आणि मोकळ्या हाताने झाकण खाली ओढलं. दोघांचीही किंकाळी एकदमच उठली. मूठ सुटली. तिने आपला हात ओढून घेतला, त्याचा आतच ठेवला, आणि रोज पावावर द्यायची तसा अंगाचा सगळा भार झाकणावर दिला. चर्र आवाज झाला. जळक्या मांसाचा वास बोळभर पसरला.

"ताई, सोडा!" वेल्डर एकदाचा पोचला होता. "मरेल तो!"

"हात गेला म्हणून कोणी मरत नाही," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे."

मग तिने झाकण उचललं. नवरा बाहेर कोसळला, हात छातीशी धरून गुरासारखा ओरडायला लागला, आणि वेल्डर त्याच्या पाठीवर बसला तो बसलाच. एकेक करून फोन खाली आले. टोपीवाल्याने तर आपला पाठीमागे लपवला होता. तोंड पांढरंफटक.

"काढा," ती त्याला म्हणाली.

"अं? काय?"

"फोटो. या वेळी चेहऱ्यासकट."

आणि नाकाचं रक्त न पुसता ती खिडकीत ताठ उभी राहिली.