हायवेवरचा दगड

"काच ओरिजिनल घ्यायची की बाहेरची, त्यावर किंमत ठरते, ताई. शिवाय आरशामागचा कॅमेरा पुन्हा जुळवावा लागेल," गॅरेजवाले मुजावरभाई तडा चाचपत म्हणाले. "विमा आहे ना? मग फुटली कशानं ते लिहू."

मृदुलानं बाकावर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. नव्या गाडीच्या पूजेला आप्पांनी नारळ इतक्या जोरात आपटला, की अर्धा उसळून थेट काचेवर गेला. चार दिवस झाले, आप्पा घरात कुणाशी धड बोलले नव्हते. नातवाला गोष्टसुद्धा सांगितली नव्हती.

"हायवेवर दगड उडाला," ती म्हणाली. आप्पांनी मान आणखी खाली घातली.

मुजावरभाईंनी वायपरखाली बोटं घातली आणि खोबऱ्यासकट करवंटीचा तुकडा बाहेर काढला.

"ताई, तुमच्या दगडाला शेंडी आहे."

एवढ्यात बाकावर आधी खुसखुस झाली, मग ठसका, मग खदखदून हसू.

"मीच फोडली," डोळे पुसत आप्पा म्हणाले. "तसंच लिहा. आणि काच ओरिजिनलच बसवा. आमच्याकडे पुढचा नारळ सूनबाई फोडणार."