क्रूसासाठी दोनशे अकरा सह्या

"आंटी, तुम्ही नक्की विचार केलाय ना?" शर्लीने हातात पेन घेऊन तिसऱ्यांदा विचारलं.

"विचार कसला त्यात? सही कर नि मोकळी हो. अजून चाळीस घरं बाकी आहेत माझी," हिल्डा म्हणाली.

शर्लीने सही केली. मग उठून तिने हिल्डाचे दोन्ही हात घट्ट धरले आणि डोळे पुसत आत निघून गेली. हिल्डाला नवल वाटलं. हीच शर्ली गेली दोन वर्षं नळाच्या पाण्यावरून तिच्याशी धड बोलत नव्हती. चला, क्रूसाच्या निमित्ताने का होईना, अबोला तर सुटला.

अंधेरीच्या त्या गावठाणातून चाळीस फुटी रस्ता काढायचा, असं पालिकेने ठरवलं होतं. पेपरात नोटीस आली. हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस. रस्ता बरोबर क्रूसावरून जाणार होता. हिल्डाच्या नवऱ्याच्या पणजोबांनी प्लेगच्या साथीत बांधलेला तो दगडी क्रूस. ऑक्टोबरभर संध्याकाळी तिथे रोझरीची प्रार्थना व्हायची आणि सत्तरीची हिल्डा ती सांगायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आता क्रूसही गेला तर बाईने जगायचं कशाच्या जिवावर?

दाद तरी कुणाकडे मागणार? जवळजवळ चार वर्षं वॉर्डाला नगरसेवकच नव्हता, कारण निवडणूकच झाली नव्हती. आमदाराचा माणूस म्हणाला, पालिकेत जा. पालिकेतला म्हणाला, नगरसेवक आला की त्याला सांगा. हिल्डाच्या चपला झिजल्या, पण कागद काही हलला नाही. निवडणुकीचं वारं सुटलं तशी उभं राहू पाहणाऱ्यांची मात्र रीघ लागली. सिद्धेश नावाचा एक जण बंद गोदामाला वळसा घालून थेट तिच्या पडवीत आला आणि हात जोडून म्हणाला, "एकदा मला निवडून द्या आंटी, मग बघतो रस्ता कसा होतो."

"आणि तोवर झाला तर?" हिल्डाने विचारलं.

तो कॅलेंडर ठेवून निघून गेला.

शेवटी मार्ग काढला ग्लेनरॉयने. हा गावठाणातलाच, आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचा. "नुसतं नको म्हटलं तर अर्ज फायलीत पडून राहतो," तो म्हणाला. "रस्ता कुठून न्यायचा तेपण आपणच सांगायला लागतं. मी काढलाय पर्याय." रविवारी मिस्सा सुटल्यावर त्याने चर्चच्या आवारात सगळ्यांसमोर नकाशा पसरला. "रस्ता पलीकडून जाईल, गोदामाच्या बाजूने. पण आंटी, तुम्ही आधी हे नीट..."

"क्रूस वाचतो ना?"

"वाचतो. पण..."

"मग पुरे. बाकी जायचं ते जाऊ दे."

हिल्डाने पेन मागितलं आणि सगळ्यांच्या देखत पहिली सही केली. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना त्या बारीक रेघा दिसणार थोड्याच होत्या! आणि त्या उंदरांनी भरलेल्या गोदामाला कोण रडतंय? ग्लेनरॉयने खाली मान घालून नकाशाची घडी केली आणि अर्जाला जोडली.

मग हिल्डा अर्ज घेऊन दारोदार फिरली. माणसं नकाशा उघडायची, बराच वेळ बघायची, मग तिच्याकडे बघायची आणि सही करायची. कुणी नाही म्हटलं नाही. मर्विन म्हणजे एक नंबरचा भांडखोर. तोसुद्धा म्हणाला, "तुझ्याएवढं काळीज आमच्यात कुणाचं नाय गं. काय लागलं तर हक्काने ये. लाजू नको." त्याच्या बायकोने ताटलीभर मैद्याचे गोडसर फुगे तळून दिले. हिल्डाला भरून आलं. इतकी वर्षं एकटीने काढली, पण असं कुणी कधी विचारलं नव्हतं. आठ दिवसांत दोनशे अकरा सह्या झाल्या.

सुनावणीला सगळे तिच्या सोबत आले. वॉर्ड ऑफिसच्या सभागृहात बसायला जागा उरली नाही. पण टेबलामागचे साहेब भराभरा हरकती उडवत होते. एका म्हाताऱ्याचं दुकान जात होतं. तो बोलायला उभा राहिला, तोवर त्याचं प्रकरण संपलंसुद्धा. "पुढचा अर्ज," शिपाई ओरडला. आपलं तरी हे लोक काय ऐकणार?

तिच्या अर्जापाशी मात्र साहेब थांबले. त्यांनी नकाशा उलगडला, सह्या चाळल्या आणि चष्मा काढून ठेवला.

"पहिली सही तुमचीच ना?"

"होय साहेब. आमचा क्रूस तेवढा राहू दे. दुसरं काही मागत नाही."

"पंचवीस वर्षं नोकरी झाली माझी, बाई. जो तो आपलं वाचवायला येतो." ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "या पर्यायात गोदाम सोडलं तर एकच राहतं घर जातंय. हरकत आली तर तिथूनच येणार, असं आम्ही धरून चाललो होतो." मग ते कारकुनाकडे वळले. "लिहा. पर्याय मान्य करावा. गोदामामागचं घर पाडायला मालकीण हिल्डाबाईंची स्वखुशीने लेखी संमती आहे."

हिल्डाने बोलायला तोंड उघडलं, पण तिच्यामागे अख्खं गावठाण उभं राहून टाळ्या वाजवत होतं.