आधीच्या रेघा, नंतरच्या रेघा

“ही खोली माझ्यानंतर माझा मुलगा जगदीश याला मिळावी,” असं म्हणून पडद्यावरच्या अप्पांनी उजवा हात पुढे केला.

अनुजाने व्हिडिओ थांबवला. अप्पा तिचे काका. लालबागच्या त्या खोलीत त्यांनी सगळा जन्म मालवणीत काढला आणि मालवणीतच ते गेले. ‘याला मिळावी’ असलं वकिली मराठी त्यांच्या तोंडून ती प्रथमच ऐकत होती, आणि तेही दादरच्या तिच्या एडिटिंगच्या खोलीत.

“ऐकलंस ना?” शेजारी बसलेला जगदीश म्हणाला. अप्पांच्या आजारपणात त्याला डोंबिवलीहून यायला सवड झाली नव्हती. चाळ पाडून टॉवर होणार म्हटल्यावर झाली. “नव्याण्णव सालच्या गणपतीतलं आहे. उद्या कमिटीच्या हॉलमध्ये लावायचंय. जाईआत्या पण येतेय. बघू दे तिला.”

जाईआत्या, अप्पांची विधवा बहीण, अजून त्याच खोलीत राहत होती. अप्पांचं दुखणं शेवटपर्यंत तिनेच काढलं होतं. नवा फ्लॅट तिचा की जगदीशचा, ते उद्या ठरायचं होतं.

“मूळ कॅसेट कुठाय?”

“बुरशी आलेली. फेकली.”

“सोयीची बुरशी.” अनुजाने चित्र मोठं केलं. “जगदीशदादा, जुना कॅमेरा एक चित्र दोन खेपांत टिपतो. आधी एकाआड एक रेघा, मग क्षणभराने उरलेल्या. तेवढ्यात माणूस हलतो, म्हणून कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. हे बघ, आरतीत सगळ्यांच्या हातांना आहेत. अप्पा खोलीचं बोलतात, तेवढ्यापुरते नाहीत. तेवढा तुकडा आजच्या कॉम्प्युटरने बनवलाय.”

तो मान खाली घालील असं तिला वाटलं होतं. त्याने खुर्ची पुढे ओढली.

“मग घाल ना ते दात! म्हणून तर तुझ्याकडे आलो. एवढं फिजिक्स शिकलीस आणि लोकांच्या मुंजींचे व्हिडिओ जोडत बसलीस. जरा घरच्यांच्या उपयोगी पड. नाहीतर काय, लॅमिंग्टन रोडला कोणीपण करून देईल.”

कोणीही करून दिलं असतं, हे खरं होतं. आणि नीट करून दिलं असतं.

“कोणाकडे कशाला? मीच करते.”

तिने हलत्या हाताच्या कडा चिरल्या, दात घातले. मग कॉम्प्युटरने नेहमीचा प्रश्न विचारला: आधी कुठल्या रेघा दाखवायच्या, वरच्या की खालच्या? बाकीच्या व्हिडिओत खालच्या आधी होत्या. अप्पांच्या तुकड्याला तिने वरच्या आधी सांगितल्या. म्हणजे नंतरचा क्षण आधी, आणि आधीचा नंतर. थांबलेल्या चित्रात याने काडीचा फरक पडत नाही.

थांबलेलंच चित्र तिने त्याला दाखवलं. जगदीशने नाक पडद्याला लावून आरतीतले हात पाहिले, अप्पांचा हात पाहिला.

“एक नंबर! सेम टू सेम.” पेनड्राइव्ह खिशात टाकून तो उठला. “मोठ्या टीव्हीवर दिसेल ना नीट?”

“शेवटच्या खुर्चीवरून दिसेल.”

“बघ, मनावर घेतलंस की जमतं तुला.”

तो जिना उतरून गेल्यावर अनुजाने तोच तुकडा भिंतीवरच्या टीव्हीवर लावला. अप्पा त्या परक्या मराठीत बोलू लागले आणि त्यांचा हात निघाला. पुढे आला, झटक्याने मागे गेला, परत पुढे, परत मागे. जगदीशचं नाव घेऊन झालं तरी अप्पा आपला हात मागे ओढतच होते.