इरमचं पहिलं निदान

अकरावीतल्या इरमला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. अनुभव मिळावा म्हणून ती दर रविवारी चाकणच्या एका जनावरांच्या दवाखान्यात जायची. दोन महिन्यांत तिनं तिथं बादल्या विसळल्या आणि म्हशींच्या शेपट्या धरल्या. पण आपल्या गावात, कुरुळीच्या गल्लीत मात्र ती गळ्यात स्टेथोस्कोप अडकवूनच फिरायची.

शेजारच्या रहमतबींनी पंधरा दिवसांपूर्वी बाजारातून शेळी आणली होती. एका सकाळी शेळी चारा सोडून कण्हायला लागली, तशा रहमतबी रडकुंडीला येऊन इरमला हाका मारू लागल्या.

इरमनं शेळीच्या फुगलेल्या पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि डोळे मिटून ऐकलं. आत जोरात धडधडत होतं.

"खाला, घाबरू नका. गॅस झालाय, म्हणून एवढा आवाज येतोय," ती म्हणाली आणि हिंग घातलेलं तेल तिनं स्वतःच्या हातानं शेळीला पाजलं.

तासाभरात शेळी व्याली. दोन करडं झाली.

अख्खी गल्ली बघायला जमली, तेव्हा इरम स्टेथोस्कोप ओढणीखाली दडवून मागच्या मागं घरी सटकली. एवढंही आपल्याला कळू नये, या लाजेनं दिवसभर तिला घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मागच्या आळीतले ज्योतीरामकाका आपली शेळी घेऊन उभे होते.



"डॉक्टरीणबाई, दोन वर्षं झाली, ही गाभणच ऱ्हाईना. रहमतबीच्या शेळीला दिलं, त्येच औषध हिलाबी पाजा की!"