कॅन्सरला पडसं झालं

"अक्का, ऊठ. गाडी दारात उभी हाय," संभाजी म्हणाला, तशी ठमाबाईनं पदर गालावर आणखी घट्ट ओढला. पदराआड, जबड्याखाली, लिंबाएवढी गाठ होती. जन्मभर मिश्री लावल्याचा कॅन्सर. एकदा ऑपरेशन झालं, तरी गाठ परत आलीच. पुण्याच्या डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीत तिला घेतलं होतं आणि आजची तारीख दिली होती. आज गेलं नाही तर जागा दुसऱ्याची.

पण तिला समजवायला नरसिंहपुरात आला होता तिचा हा धाकटा भाऊ संभाजी, आणि तिथंच घोडं अडलं होतं. भवानीनगरच्या कारखान्यात उसातल्या साखरेचा उतारा मोजतात. थापांचा मोजला असता तर संभाजी तालुक्यात पहिला आला असता. भीमा-नीरेच्या संगमात त्यानं मगरीला दम देऊन माघारी धाडलं होतं. माळावरच्या लांडग्याचा कान पिळला होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्याही गळ्याला अशीच गाठ आली, ती पुण्याला जाऊन ह्याच औषधानं बरी झाली, तर घरी आल्यावर तो सांगत सुटला की गाठ मला बघून पळाली! आता खरं सांगायची वेळ आली होती, आणि ते खरं या सगळ्या थापांहून अचाट होतं.

"मला पडशाचा विषाणू टोचला, अक्का. थेट गाठीत."

"पडशाचा?"

"व्हय. पर वळण लावलेला. चांगल्या मांसाच्या वाटंला जायचं न्हाय. कॅन्सर दिसला की आत शिरायचं, पिलावळ वाढवायची, आन त्यालाच फोडून भाईर पडायचं. मग आपलं रगात बी जागं हुतं आन उरल्यासुरल्याच्या मागं लागतं."

पिशवी भरून दारात उभ्या असलेल्या सुनेनं, प्रतिक्षानं, हसू दाबलं. ठमाबाईनं मात्र दाबलं नाही.

"म्हंजी कॅन्सरला पडसं झालं आन शिंकून शिंकून मेला! संभ्या, त्यापरीस तुझी मगर बरी हुती की रं. कोरोनानं एवढी माणसं न्हेली, आन आता मी गाडी करून विषाणू टोचाया जाऊ व्हय?"

संभाजी खाली बघत म्हणाला, "ताप लई आला, अक्का. हाडं फुटत हुती. शेजारच्या खाटंवरच्या माणसाला गुण न्हाय आला. समद्यांना येतोच असं न्हाय, डॉक्टरनं आदीच सांगितलं हुतं. आन सुई बघून मी रडलो. नर्सबाईचा हात धरून, बारक्या पोरावानी."

ठमाबाई हसायची थांबली.

"प्रतिक्षा, माझ्या चपला आण."

"आत्या, मामांचं खरं वाटलं तुमास्नी?"

"ह्याच्या थापा ह्यो रांगत हुता तवापासनं ऐकतीया मी. त्यात मगर भ्याली, लांडगा भ्याला, गाठ सुदिक भ्याली. ह्यो कवाच भ्याला न्हाय. आज म्हनतो भ्यालो, म्हंजी खरं हाय."

गाडी देवळामागून वळून पुण्याच्या वाटेला लागली. ठमाबाईनं गालावरचा पदर सोडला आणि खिडकीची काच खाली केली. पुढच्या सीटवर संभाजी मिशीत हसत बाहेर बघत होता. सुई टोचताना तो रडला नव्हताच. उलट नर्सबाईला त्यानं मगरीची गोष्ट ऐकवली होती. रडला होता तो गेल्या महिन्यात, अक्काची गाठ परत आल्याचं कळलं तेव्हा, उसाच्या फडात एकटाच. ते रडणं त्यानं फक्त दोन वर्षं मागं नेलं होतं.