अजून एकदा

लातूरच्या वसतिगृहातल्या खोलीत शिवकन्या ट्रंक भरत होती, तेवढ्यात वडील दारात येऊन उभे राहिले. नीटला ती दोनदा बसली होती आणि दोन्ही वेळा मेडिकलचा प्रवेश हुकला होता. या खेपेला तर फक्त बारा गुणांनी.

"बारा मार्क म्हणजे तीन प्रश्न गं," वडील म्हणाले. "अजून एकदा बसतेस का?"

"नाही पप्पा, आता माझ्याच्यानं होत नाही. वाचलेलं सगळं पेपर समोर आला की पुसून जातं. मी बी.एस्सी. करते."

तीस वर्षं कंपाउंडरकी केलेले वडील रागावले नाहीत. "बरं," एवढंच म्हणून ते तिची गादी गुंडाळू लागले. पण दोरीची गाठ काही केल्या बसेना.

"डॉक्टरसाहेबांना सांगून बसलो होतो मी, यंदा पोरीचा नंबर लागणारच म्हणून," मान वर न करता ते पुटपुटले.

शिवकन्येला ते बघवेना. "राहू द्या पप्पा. बसते अजून एकदा."

त्यांचा चेहरा उजळला. तिच्या आईला फोन करायला ते लगबगीनं बाहेर गेले.

उघड्या खाटेवर ती बसून राहिली. तिसऱ्यांदाही आपल्याला जमणार नाही, हे 'बसते' म्हणतानाच तिला कळून चुकलं होतं.