बिनफटीची खोली

"दादा, दार लाव. आता पाऊण तास उघडायचं न्हाई," सविता म्हणाली आणि तिनं टेबलावर डबीएवढं यंत्र ठेवलं. ती राहू गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. वर्गांतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला शाळेनं ते आणलं होतं. भावाची ही खोली तिला आठवली आणि शाळा सुटल्यावर ती यंत्र घेऊन थेट केडगावला आली.

पोपटरावांनी हसतच दार लावलं. त्या खोलीचा त्यांना भारी अभिमान. दहा गावांत अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा माणूस, लेकीसाठी हात कसा आखडता घेईल? शेजारीच गुऱ्हाळ होतं. हंगामात धूर घरात घुसायचा, वहीवर काजळी बसायची, राजनंदिनी खोकून बेजार व्हायची. दहावीला शाळेत पहिली आलेली पोर, डॉक्टर व्हायचं म्हणत होती. मग पोपटरावांनी खिडकीला न उघडणारी काच बसवली, फटी सिलिकॉननं बुजवल्या, दाराला रबर लावलं. धूर थांबला. गल्लीनं कौतुक केलं.

पण पोरगी त्या खोलीत बसली की पेंगायची. डोकं दुखतं म्हणायची. सोपी गणितं चुकायची. पोपटरावांनी मोबाइल काढून घेतला, खुर्ची काढून उभ्यानं वाचायला लावलं. "एवढं करून दिलं, तरी तुझ्या डोक्यात उजेड पडंना," असं भरल्या ताटावर बोलले. एकदा नाही, रोज. दोन वर्षं डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा हुकली. मग तिनंच पुस्तकं पोत्यात भरली आणि रांजणगावच्या एका कंपनीत कामाला लागली. तिथं महिन्याभरात तिला माल तपासायच्या टेबलावर घेतलं. तिच्या नजरेतून चूक सुटत नाही म्हणे. पोपटरावांना त्याचं नवल वाटलं होतं, एवढंच.

यंत्रावरचा आकडा चढत होता. साडेचारशेवरून दोन हजारांवर गेला. पोपटरावांना जांभया आवरेनात.

"वर्गात हजाराच्या वर गेला की पोरं पेंगाय लागत्यात," सविता म्हणाली. "हा आपलाच सोडलेला श्वास हाय, दादा. त्याला जायला वाट न्हाई, म्हणून तोच परत घ्यायचा. डोकं जड व्हतं, ध्यानात राहत न्हाई, चुका होत्यात. आपण पाऊण तास बसलो. तुझी राजू सहा-सहा तास बसायची."

पोपटरावांनी उठून दार उघडलं. मग अंगणात आले आणि त्यांनी लेकीला फोन लावला. दुसऱ्या पाळीची जेवणाची सुट्टी होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, आकड्यासकट. "पोरी, तुझं डोकं चांगलंच व्हतं. माती मी केली. परत ये, फॉर्म भर. उद्याच काच काढतो."

पलीकडून ताटांचा आवाज येत होता. राजनंदिनी रागावली नाही. आजारी माणसाची समजूत घालावी तशी ती हळू बोलली.

"आप्पा, उगं खिडकीवर कशाला ढकलता? मी ढ हाय, हे मी कवाच मान्य केलंय. आता तुम्हीबी करा."